संगणक नवा झाला, बॅकअप का थांबला?

आपल्या स्मरणिकेत बालरोगतज्ज्ञाने लसीकरणावर किंवा बालदम्यावर लिहावे अशी अपेक्षा असते. या वेळी संपादकांच्या संमतीने थोडा निराळा विषय घेतला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबवले. त्याच्या आगेमागे आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यांतील संगणक विंडोज ११ वर गेले. त्यानंतर चार-पाच स्नेह्यांकडून मी जवळजवळ एकाच शब्दांत एकच तक्रार ऐकली : रात्री आपोआप होणारा बॅकअप बंद पडला आहे, आणि तो कोणत्या दिवशी बंद पडला हे कोणालाच ठाऊक नाही.

मी संगणक अभियंता नव्हे. पण तंत्रज्ञांबरोबर बसून या तक्रारींचा माग काढताना असे दिसले की, यातील निदानाची रीत आपल्याला पूर्ण परिचयाची आहे. फक्त रुग्ण निराळा आहे.

बहुतेक दवाखान्यांतील मांडणी सारखीच असते. स्वागतकक्षातील संगणकावर रुग्णांच्या नोंदींचे सॉफ्टवेअर असते. आतल्या खोलीत दोन हार्ड डिस्क असलेली एक पेटी असते, तिला ‘नॅस’ म्हणतात. रात्री दोन वाजता संगणकाने आपल्या नोंदींची प्रत नेटवर्कवरून त्या पेटीत ठेवावी, अशी आज्ञा कोणी तरी पाच-सहा वर्षांपूर्वी देऊन ठेवलेली असते. ही व्यवस्था इतकी निमूटपणे चालते की तिचे अस्तित्वच विसरले जाते, आणि ती थांबते तेव्हाही तितक्याच निमूटपणे थांबते.

प्रत नसल्याने बिघडते काय, असा प्रश्न येऊ शकेल. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. हे झाले कायद्याचे. बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने तीन वर्षे म्हणजे काहीच नव्हे. उंची वाढत नाही म्हणून नऊ वर्षांची मुलगी समोर येते, तेव्हा तिची आजची उंची एकटी फारसे सांगत नाही. ती चार, पाच, सहा वर्षांची असताना केलेली मोजमापे वाढीच्या आलेखावर मांडली, तरच ती जन्मापासून ठेंगणी आहे की मध्येच वाढ खुंटली आहे हे उमगते. रक्त पुन्हा तपासता येते, क्ष-किरण पुन्हा काढता येतो. पण पाचव्या वर्षीची उंची पुन्हा मोजता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी आपल्या बडोद्यात शिरले, त्यानंतर काही पालक लसीकरणाच्या लगदा झालेल्या पुस्तिका घेऊन आले होते. त्यांना नवी पुस्तिका भरून देता आली ती दवाखान्यात नोंदी शाबूत होत्या म्हणूनच.

आता निदानाकडे वळू. प्रथम इतिहास. शेवटचा यशस्वी बॅकअप कोणत्या तारखेचा आहे? पेटीतील फोल्डर उघडून सर्वांत नव्या फाइलची तारीख पाहावी आणि प्रणाली बदलल्याच्या तारखेशी ताडावी. दोन्ही लागून असतील तर कारण बदलातच आहे. बॅकअप त्याआधीच महिनाभर थांबला असेल, तर विंडोज ११ ला विनाकारण बोल लावू नये. पेटी भरली असेल किंवा तिची एक डिस्क निकामी झाली असेल.

त्यानंतर तपासणी. संगणकावरून पेटी मुळात दिसते का? तिचे नाव टाकून उघडत नसेल, पण अंकी पत्ता टाकल्यावर उघडत असेल, तर दोष नाव ओळखण्यात आहे, पेटीत नाही. उघडतच नसेल तर संगणक देतो तो त्रुटी-क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. हा क्रमांक म्हणजे तापाच्या रुग्णाच्या अंगावरील पुरळ समजा. सारे निदान त्यावरून होत नाही, पण दिशा निश्चित मिळते. ५३ म्हणजे नेटवर्कवरचा मार्गच सापडत नाही. ५ म्हणजे पेटी सापडली, पण आत जाण्याची परवानगी नाही. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा. ११२ म्हणजे जागा संपली. आणि १२७२ म्हणजे पाहुणा म्हणून प्रवेश नाकारला.

हा शेवटचा क्रमांक प्रणाली बदलल्यानंतर विशेष भेटतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. पेटी बसवताना पुष्कळ ठिकाणी सोयीसाठी पासवर्ड ठेवलेलाच नसतो. कोणीही यावे, फाइल ठेवावी, जावे. यालाच ‘गेस्ट’ प्रवेश म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून ‘प्रो’ प्रकारात असा निनावी प्रवेश मुळातच बंद ठेवला आहे. शिवाय संगणक आणि पेटी यांच्यातील प्रत्येक संदेशावर सांकेतिक सही असावी, अशी अटही घातली आहे. वाटेत कोणी संदेश बदलला तर सही जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. ही सही पासवर्डवरून सिद्ध होणाऱ्या किल्लीने होते. पाहुण्याला पासवर्डच नसतो, म्हणून त्याला सही करता येत नाही आणि दार बंद राहते. म्हणजे बिघाड कोठेच झालेला नसतो. नवा पहारेकरी अधिक दक्ष आहे, इतकेच.

दुसरे कारण पेटीच्या वयाचे. फाइलींची देवाणघेवाण करण्याची विंडोजची जी भाषा आहे तिला एसएमबी म्हणतात. फार जुन्या पेट्यांना तिची पहिलीच आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला तो या पहिल्या आवृत्तीतील छिद्रातून. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांना तेव्हा रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्ये, दिली होती. पुष्कळांनी ती बसवलीच नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ही पहिली आवृत्ती मुळातच नसते. तेव्हा जुनी पेटी आणि नवा संगणक यांना परस्परांची भाषाच कळत नाही.

दोन्ही ठिकाणी तंत्रज्ञ पाच मिनिटांचा उपाय सुचवतो : पहिली आवृत्ती पुन्हा चालू करू, पाहुण्याला परवानगी देऊ, सहीची अट काढून टाकू. बॅकअप त्या रात्रीपासून सुरू होतो आणि डॉक्टर संतुष्ट होतात. माझ्या मते हे तापाचे कारण न शोधता ताप उतरवण्यासारखे आहे. किंबहुना त्याहून वाईट. खंडणीखोर विषाणू एका संगणकात शिरला की नेटवर्कवर जे जे उघडे असेल ते कुलूपबंद करीत जातो, आणि बिनपासवर्डाची पेटी त्याला सर्वांत आधी सापडते. मूळ नोंदीही गेल्या आणि प्रतही गेली, तर त्या प्रतीचा उपयोग काय? योग्य उपाय तासाभराचा आहे. पेटीवर केवळ बॅकअपसाठी स्वतंत्र नाव आणि बळकट पासवर्ड तयार करावा, त्याला एकाच फोल्डरची परवानगी द्यावी, आणि तोच पासवर्ड बॅकअपच्या कामात भरावा. पेटीचे अंतर्गत सॉफ्टवेअर अद्ययावत करून तिला नवी भाषा येत असेल तर उत्तम. उत्पादकाने ते देणेच थांबवले असेल, तर पेटी निवृत्त करावी. मुदत उलटलेली लस केवळ शीतपेटीत आहे म्हणून आपण टोचत नाही.

तिसरे कारण क्षुल्लक वाटते, पण फसवे आहे. विंडोज ११ बसवताना चार अंकी पिन ठेवण्याचा आग्रह होतो, आणि पुढे सर्व जण पिननेच संगणक उघडतात. खरा पासवर्ड विस्मरणात जातो. रात्रीच्या कामाला मात्र पिन चालत नाही. पासवर्ड मध्यंतरी बदलला असेल, तर काम जुन्याच पासवर्डाने दार ठोठावत राहते आणि दररोज १३२६ मिळवते.

चौथे असे की, पुष्कळ ठिकाणी पेटीला ‘झेड’ ड्राइव्ह असे टोपणनाव दिलेले असते. हे टोपणनाव ज्याने संगणक उघडला आहे त्याच्यापुरतेच असते. रात्री कोणी उघडलेला नसताना चालणाऱ्या कामाला ‘झेड’ दिसतच नाही. दिवसा हाताने चालवले तर काम सुरळीत, रात्री आपोआप मात्र अपयशी, असे आढळल्यास प्रथम हाच संशय घ्यावा आणि टोपणनावाऐवजी पेटीचा पूर्ण मार्ग लिहावा. याच लक्षणाचे आणखी एक कारण म्हणजे संगणक रात्री झोपी जाणे. वेळापत्रकातील कामाला ‘संगणक जागा करून काम कर’ अशी सूचना देता येते. पेटीऐवजी दुसऱ्याच संगणकावर प्रत ठेवत असाल, तर तेथील नेटवर्क ‘खासगी’ ऐवजी ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदले गेले आहे का, हेही पाहावे. तसे असेल तर तो संगणक इतरांना दार उघडत नाही.

आतापर्यंतचे दोष निदान ‘अयशस्वी’ असा शेरा तरी देतात. पुढचा तेवढेही करीत नाही. नव्या विंडोजमध्ये वनड्राइव्ह ही सेवा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर आपल्या ताब्यात घेऊ शकते. पडद्यावर सर्व फाइली पूर्वीसारख्याच दिसतात, पण त्यांची खरी जागा बदललेली असते. बॅकअपचे काम जुन्या जागी जाते, तेथे काहीच नसते, आणि नसलेल्याची प्रत काढून ते ‘यशस्वी’ म्हणून परतते. त्यातही ‘आरशासारखी प्रत’ हा पर्याय निवडलेला असेल, तर मूळ जागी जे नाही ते प्रतीतूनही पुसले जाते. एका स्नेह्यांकडे असे घडता घडता वाचले, कारण त्यांची पेटी जुन्या प्रतींचे ठसे महिनाभर जपत होती. ही सोय बहुतेक चांगल्या पेट्यांत असते. ती आवर्जून चालू करावी.

जाता जाता, रोबोकॉपी या विंडोजमधील साधनाने प्रत काढणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याचा निकाल-अंक १ आला की पुष्कळ जण दचकतात. १ म्हणजे फाइली व्यवस्थित उतरल्या. ८ किंवा त्याहून मोठा अंक आला तर काळजी करावी.

तेव्हा ‘यशस्वी’ या शब्दावर किंवा फाइल दिसते एवढ्यावर विश्वासू नये. फाइल आत आहे, पण सॉफ्टवेअर चालू असतानाच तिची नक्कल झाल्यामुळे ती अर्धवट उतरली आहे, असेही होते. खात्री एकाच मार्गाने होते : पेटीतील प्रत दुसऱ्या एखाद्या संगणकावर उतरवावी, सॉफ्टवेअर त्यावर चालवावे, आणि तीन मुलांच्या नोंदी उघडून पाहाव्यात. एक दहा वर्षांपूर्वीची, एक मधल्या काळातील, एक कालची. तिन्हींची वजने आणि लसींच्या तारखा मूळ संगणकाशी ताडाव्यात. माझ्या दवाखान्यात हे काम दर तिमाहीच्या पहिल्या रविवारी होते. अर्धा तास लागतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा नोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतचे व्यवहार कागदावर करावे लागले. रुग्णालय सावरले ते हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे. त्यावरील नोंदी नव्या सर्व्हरवर उतरवल्या गेल्या आणि बहुतेक कामे दोन आठवड्यांनी पूर्ववत झाली. आपल्या दवाखान्यांत एवढी साधने नसतात, पण एक गोष्ट आपल्यालाही जमते. महिन्यातून एकदा सर्व नोंदींची प्रत एका सुट्या हार्ड डिस्कवर, पासवर्डाने बंद करून, घ्यावी, वायर काढावी आणि ती घरी न्यावी. ज्यांचे दवाखाने तळमजल्यावर आहेत त्यांना २०२४ च्या पुरानंतर हे सांगण्याची गरज नसावी. संगणक आणि पेटी एकाच खोलीत असतील तर त्या एकाच पाण्यात बुडतात.

ज्या सभासदांचे संगणक अद्याप विंडोज १० वर आहेत त्यांनी बदल करण्यापूर्वी अशी एक सुटी प्रत काढावी. पेटीचे नाव, तिचा अंकी पत्ता, बॅकअपसाठीचे नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करावेत, आणि ते पाकीट दवाखान्याच्या नोंदणी-प्रमाणपत्राबरोबर ठेवावे. बदल शनिवारी दुपारी करावा, म्हणजे रविवार हाताशी राहतो. आणि सोमवारी पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी पेटीतील सर्वांत नव्या फाइलची तारीख पाहावी.