अखंड चित्रणासाठीं बेताच्या किंमतीचा कॅमेरा

सभा, व्याख्यान, छाटणीचें प्रात्यक्षिक यांचें चित्रण करून ठेवण्याची चाल आतां खेडोपाडीं रूढ होत आहे, व ती उपयुक्तहि आहे. परंतु लग्नांतील पांच मिनिटांचें चित्र घेणें निराळें, आणि चार तासांची सभा एकहि क्षण न गाळतां टिपणें निराळें. पहिल्या कामांत उत्तम ठरलेला कॅमेरा दुसऱ्या कामांत अर्ध्या वाटेवर बसतो, हें प्रस्तुत लेखक नुकसान सोसून शिकला आहे. तें इतरांस सोसावें लागूं नये, एवढाच या लेखाचा हेतु.

आमच्या उपसा सिंचन संस्थेच्या एका वार्षिक सभेंत रब्बीच्या पाण्याच्या पाळ्यांचा प्रश्न होता. चारीच्या वरच्या अंगाचे व शेवटच्या टोकाचे सभासद यांच्यांत मतभेद असल्यानें सभेचें संपूर्ण चित्रण करावें असें ठरलें, व तें काम मजकडे आलें. एका स्नेह्याचा किंमती फोटोचा कॅमेरा मीं मागून आणला, तिवईवर बसविला, कळ दाबली व सभेंत जाऊन बसलों. पाळ्यांचा ठराव झाला तो तिसऱ्या तासांत. सभा उठल्यावर पाहतों तों चित्रण बरोबर २९ मिनिटें ५९ सेकंदांवर थांबलेलें! अहवालवाचन तेवढें टिपलें गेलें होतें. पुढें ठराव ‘आठ दिवसांनीं’ असा झाला कीं ‘दहा दिवसांनीं’, या एका शब्दावरून वाद माजला. विशेष सभा भरेपर्यंत मार्गशीर्ष उजाडला, आणि तोंवर टोकाकडील गव्हाच्या दोन पाळ्या हुकल्या. कॅमेऱ्यांत बिघाड कांहींच नव्हता. चूक निवड करणाऱ्याची होती.

तेव्हां असा कॅमेरा घेतांना चित्र किती सुबक येतें हा प्रश्न मागें ठेवावा, व पुढील चार गोष्टी आधीं विचाराव्या.

कालमर्यादा.— २९ मिनिटें ५९ सेकंद हा आंकडा यंत्राच्या शक्तीचा नसून जकातीचा आहे. सलग ३० मिनिटें चित्रण करूं शकणारा फोटोचा कॅमेरा युरोपांत ‘व्हिडिओ कॅमेरा’ या सदरांत पडे व त्यावर जास्त जकात बसे. ती चुकविण्यासाठीं कारखानदारांनीं यंत्र एक सेकंद अलीकडेच थांबेल अशी योजना केली, व ती इतर देशांत जाणाऱ्या पुष्कळ मालांतहि राहिली. २०१५ सालीं जागतिक व्यापार संघटनेंत झालेल्या करारानें ही जकात टप्प्याटप्प्यानें उठली. त्यानंतर निघालेल्या पुष्कळ कॅमेऱ्यांत ही मर्यादा नाहीं. परंतु जुना माल स्वस्त मिळतो म्हणून घेणारानें हें पहिल्यानें पाहावें.

उष्णता.— चित्र टिपणारी चकती जितकी मोठी व चित्र जितकें बारकाव्याचें, तितकें यंत्र अधिक तापतें, व ठराविक मर्यादेपलीकडे आपोआप बंद पडतें. कॅनन कंपनीचा ‘ईओएस आर ५’ हा २०२० सालीं निघालेला कॅमेरा अत्यंत महाग. तरी सर्वांत बारीक चित्रण म्हणजे ‘८ के’ तो सुमारें २० मिनिटेंच करतो, असें कंपनीनेंच जाहीर केलें होतें, व तेंहि २३ अंश उष्णतामानांत. आपल्याकडील वैशाखांत पत्र्याच्या मांडवाखालीं काय होईल याची कल्पना वाचकांनींच करावी. अधिक पैसा म्हणजे अधिक वेळ, असा हिशेब येथें नाहीं.

वीज.— एका बॅटरीवर चार तास निघतील असें धरूं नये. बाहेरून वीज घेत असतांनाच चित्रण चालूं राहतें कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. कांहीं कॅमेरे बंद असतांनाच भारून घेतात. १०,००० मिलिअँपियर-तासांच्या पॉवर बँकेंत सुमारें ३७ वॉट-तास वीज मावते. पाव हिस्सा वाटेंत जातो असें धरलें तरी ४ वॉट खाणारा लहान कॅमेरा तिच्यावर सात तास चालेल. वीज गेली तरी सभेचें चित्रण अडणार नाहीं, हा यांतील मोठा लाभ.

सांठवण.— यंत्र सेकंदास किती मेगाबिट लिहितें तें पाहावें. त्यास ८ नें भागून ३,६०० नें गुणिलें म्हणजे तासाचे मेगाबाइट निघतात. १६ मेगाबिटांच्या चित्रणास तासाला ७.२ जी. बी. लागतात, म्हणजे चार तासांस सुमारें २९ जी. बी.; ६४ जी. बी. चें कार्ड त्यास पुरून उरतें. उलट १०० मेगाबिटांच्या ‘४ के’ चित्रणास तासालाच ४५ जी. बी. जागा लागते. सभेंतील बोलणें व चेहरे ओळखूं येण्यास ‘फुल एचडी’ पुरेसें आहे. जुन्या पद्धतीनें आंखलेल्या कार्डावर एक फाइल ४ जी. बी. हून मोठी होत नाहीं. म्हणून कॅमेरा तिचे तुकडे पाडतो. तुकडे पडण्यास हरकत नाहीं, पण दोन तुकड्यांमधील एकहि शब्द गळतां कामा नये.

आतां काय घ्यावें? सभा-व्याख्यानासाठीं वापरलेला परंतु सुस्थितींतील हँडीकॅम आमच्या मतें सर्वांत सोयीचा. त्याची चकती लहान असल्यानें तो कमी तापतो, व सलग चित्रणासाठींच तो घडविलेला असतो. घरांत जुना पण चांगला मोबाइल पडून असल्यास प्रथम त्यासच वापरून पाहावें; मात्र त्यांतील फोन येणें बंद करावें, जागा मोकळी करावी व त्यास सावलींत ठेवावें. गाय-म्हैस विण्यास आली असतां रात्रभर गोठ्यावर नजर ठेवावयाची, तर अंधारांत दिसणारा सीसीटीव्ही कॅमेराच योग्य. रात्रंदिवस चालणें हेंच त्याचें काम. परंतु सभेंतील आवाज त्यांत स्पष्ट येईलच अशी खात्री नसते. आवाजाचेंहि महत्त्व चित्राइतकेंच असल्यानें माइक जोडण्याची सोय असलेलें यंत्र पसंत करावें.

पैसे देण्यापूर्वीं एक परीक्षा अवश्य करावी. जेवढ्या वेळाचें काम, तेवढाच वेळ, ऐन दुपारीं, आपल्या कार्डावर व आपल्या पॉवर बँकेवर यंत्र चालवून पाहावें. घड्याळ समोर ठेवून त्याचेंच चित्रण केल्यास तुकड्यांच्या सांध्यांत सेकंद गळला कीं काय, तें लागलीच कळतें. बैल घेतांना आपण दांत पाहून थांबत नाहीं, औतास जुंपून पाहतों. तोच न्याय येथें.

आमची विशेष सभा तीन तास चाळीस मिनिटें चालली. ती एका जुन्या हँडीकॅमवर आरंभापासून आभारापर्यंत उतरली. चित्रण होत असल्याचें अध्यक्षांनीं सभेस आधींच सांगितलें होतें, व बोलणारेहि त्यामुळें शब्द तोलून बोलले. अर्थात् इतिवृत्त नीट लिहून त्यावर सह्या घेण्याचें काम कोणताहि कॅमेरा करीत नाहीं. तथापि पुढें शंका निघाली तेव्हां दहा जणांनीं बसून तो भाग पाहिला, व वाद अर्ध्या तासांत मिटला. त्या हंगामांतील उरलेल्या पाळ्या टोकापर्यंत वेळेवर पोंचल्या.

— एक सभासद