नाव आणि धंदा (भाग ७) : पाटीवरचं नाव कोणाचं?

संध्याकाळ झाली की पुंडलिकनगरच्या रस्त्यावर बर्गरच्या गाड्यांचे तवे तापतात. आडवा चिरलेला पाव लोण्यावर पालथा पडतो, कडा तांबूस झाल्या की आत आलूटिक्की, कांद्याची चकती आणि मेयोनीज जातं. वर फ्लेक्सवर ठळक अक्षरांत गाडीचं नाव असतं. मागच्या भागात आपण नावाची नोंदणी कशी होते ते पाहिलं. आज त्यापुढचा प्रश्न : नाव आधी नोंदवणाऱ्याचं, की आधी कमावणाऱ्याचं?

त्यासाठी पुण्याला जाऊ. तिथे एक इराणी दांपत्य १९९२ पासून 'बर्गर किंग' नावाचं हॉटेल चालवत आलं आहे. कॅम्प आणि कोरेगाव पार्क भागातल्या कॉलेजच्या मुलांच्या कित्येक पिढ्या तिथे जेवल्या. याच नावाची अमेरिकी कंपनी १९५४ पासूनची. तिने भारतात नाव नोंदवलं १९७९ मध्ये, पण इथलं पहिलं दुकान उघडलं थेट नोव्हेंबर २०१४ मध्ये. त्याआधीच, २०११ साली, पुण्याच्या हॉटेलाने हे नाव वापरू नये म्हणून तिने दावा लावला होता.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं : नाव जगभर आमचं, नोंदही आमचीच आधीची. हॉटेलाचं उत्तर तितकंच सरळ : आम्ही पाटी लावली तेव्हा तुमचं इथे एकही दुकान नव्हतं, मग आमचं गिऱ्हाईक फसलं कसं?

ट्रेडमार्कचा वाद इथेच फिरतो. १९९९ च्या कायद्यातलं कलम ३४ जुन्या वापराला संरक्षण देतं, पण तो वापर समोरच्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्या, दोन्हींच्या आधीपासून अखंड असावा लागतो. १९७९ ची नोंद कंपनीच्या बाजूने होती ती यामुळे. दुसरीकडे, नाव जगात गाजलं म्हणून इथेही गाजलं असं धरता येत नाही. 'प्रियस' या नावावरून टोयोटा विरुद्ध दिल्लीतले सुट्या भागांचे व्यापारी असा खटला झाला. तेव्हा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नावाची ख्याती भारतातल्या बाजारात होती, हे सिद्ध करावं लागतं.

२०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. मात्र हॉटेलमालकांनी त्रासापोटी मागितलेली २० लाखांची भरपाईही नाकारली, कारण तोंडी सांगण्यापलीकडे पुरावा नव्हता. कंपनी अपिलात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत हॉटेलाला नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. तीस वर्षं चाललेल्या हॉटेलाची पाटी वर्षभरात अशी खालीवर झाली.

या खटल्यातून मला एकच गोष्ट आपल्या गल्लीतल्या प्रत्येक धंदेवाल्याला कळकळीने सांगायची आहे. नाव गिऱ्हाईक मोठं करतं, पण कोर्टात गिऱ्हाईक येत नाही. तिथे कागद बोलतो. म्हणून शॉप ॲक्टचा दाखला, अन्न परवाना, पहिलं बिलबुक, पाटी रंगवल्याची पावती, जुनं मेन्यूकार्ड, उद्घाटनाची वर्तमानपत्रातली जाहिरात, यातलं काहीही रद्दीत घालू नका. नाव, तारीख आणि पत्ता एकाच कागदावर असेल तर तो सोन्याच्या मोलाचा.

आणि नोंदणी करून टाका. एकट्या धंदेवाल्याला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. खानावळ, हॉटेल, गाडी यांचा वर्ग ४३. नोंद दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. अर्जात 'कधीपासून वापर' असा रकाना असतो. तिथे खरी तारीख लिहा आणि ती सिद्ध करणारा कागद जोडा. जपून ठेवलेलं पहिलं बिलबुक कामाला येतं ते इथेच.

पुढच्या भागात : भावाभावांत वाटणी झाली, तर दुकानाचं नाव कोणाकडे जातं?