आठ ग्रॅमचे लढाऊ विमान

सॉपविथ डॉल्फिन या विमानात वैमानिक बसला की त्याचे डोके वरच्या पंखाच्या मधल्या चौकटीतून बाहेर निघायचे. पंख त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, समोर दोन व्हिकर्स मशिनगन, आणि वर नुसते आभाळ. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, १९१८ साली, ही विमाने फ्रान्सवर गस्त घालत होती. ती चालवणाऱ्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. केंब्रिजला शिकलेला हा तरुण ब्रिटिश हवाई दलाच्या २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये लेफ्टनंट होता. जून १९१८ च्या अखेरीस एका गस्तीवर त्यांचे विमान पडले, जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती लागले आणि ३० जूनला गेले. फ्रान्समधल्या हांगार गावच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. त्या युद्धात लढाऊ विमाने चालवलेले भारतीय एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, एरोल सेन ही नावे घेतली जातात, तेव्हा वेलिणकरांचे नावही त्यांच्या बरोबरीने घ्यायला हवे.

हे विमान टेबलावर उभे करायचे ठरवले, तर काय काय कळते? प्रतिकृती बनवणे म्हणजे रिकाम्या वेळातला नाद, असे पुष्कळांना वाटते. मला ते यंत्र वाचण्याची सर्वांत कसोशीची रीत वाटते. छायाचित्र पाहताना आपण शंभर गोष्टी ओलांडून पुढे जातो. हातांनी बनवताना एकही ओलांडता येत नाही. ही तार इथे का? हा खांब तिरका का? खालून रंग वेगळा का? उत्तर मिळेपर्यंत काम पुढे सरकत नाही.

सुरुवात मापांपासून करू. लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींत १:७२ आणि १:४८ ही प्रमाणे फार चालतात, आणि दोन्ही फूट-इंचांच्या हिशोबातून आली आहेत. सहा फुटी माणूस एक इंचाचा केला की १:७२. एका फुटाला पाव इंच धरला की १:४८. डॉल्फिनच्या पंखांचा विस्तार सुमारे ९.९ मीटर, लांबी सुमारे ६.८ मीटर. १:४८ ने भागले की पंख साडेवीस सेंटिमीटर, लांबी चौदा सेंटिमीटर आणि वैमानिक साडेतीन सेंटिमीटर. विमान तळहाताच्या थोडे बाहेर जाते, एवढेच.

पण लांबी ४८ पट कमी झाली, की पृष्ठभाग ४८ गुणिले ४८, म्हणजे २,३०४ पट कमी होतो, आणि आकारमान त्याच्याही ४८ पट, म्हणजे १,१०,५९२ पट. इंधन, दारूगोळा आणि माणूस धरून खऱ्या डॉल्फिनचे वजन सुमारे ८९० किलो. त्याच घनतेने लहान केले, तर प्रतिकृतीचे वजन भरते आठ ग्रॅम! हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी पुन्हा पुन्हा भागाकार तपासला होता. साध्या प्लास्टिकचा संच जोडला तर तो याहून कितीतरी जड होतो. म्हणजे ते खरे विमान आकाराच्या मानाने किती पोकळ, किती हलके होते, हे प्रतिकृती आपल्याला तोलून दाखवते.

पोकळ असण्याचे कारण त्याच्या बांधणीत आहे. त्या काळचे विमान आकाशकंदिलाच्या तत्त्वावर बनलेले असे: आत लाकडी सांगाडा, वर ताणलेले पातळ आवरण. धडाच्या लांब काठ्या ॲशच्या, पंखातल्या मुख्य काठ्या स्प्रूसच्या, त्यांवर पातळ लाकडी फासळ्या, आणि सगळ्यावर जवसाच्या धाग्याचे आयरिश लिनन. धातू होता तो मुख्यतः इंजिनात, त्यावरच्या पत्र्यात, बंदुकांत आणि तारांत.

आमच्या शहापूर-मुरबाड भागात विमानतळ नाही. मुंबईला उतरणारी विमाने आमच्या डोक्यावरून जातात तेवढीच. पण बांबू भरपूर आहे, आणि या विमानाचे गुपित कळायला चार कामट्या पुरतात. वीतभर लांबीच्या दोन आणि त्यांच्या निम्म्या अशा दोन कामट्या घ्या, दोऱ्याने कोपऱ्यांत बांधून आयताकृती चौकट करा. एका कोपऱ्यावर बोटाने दाब द्या. चौकट लगेच तिरकी होते. आता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एक दोरा ताणून बांधा. एका बाजूने दाबले तर चौकट घट्ट, दुसऱ्या बाजूने दाबले तर पुन्हा तिरकी, कारण दोरा ओढ धरतो, दाब धरत नाही. उरलेल्या दोन कोपऱ्यांत दुसरा दोरा बांधा. आता ती कुठूनही हलत नाही. दोन दोऱ्यांचे वजन नगण्य, पण चौकटीचा स्वभाव पार बदलला.

दोन पंखी विमानाचे पंख म्हणजे अशाच चौकटींची रांग. वरचा पंख, खालचा पंख, मध्ये उभे खांब आणि कर्णांवर तारा. डॉल्फिनला प्रत्येक बाजूला अशा दोन चौकटी होत्या. धडाजवळ खालून निघून बाहेर वरच्या पंखाकडे जाणाऱ्या तारा उड्डाणाच्या. विमान हवेत असताना पंख वर उचलले जातात, तो जोर त्या झेलतात. धडाजवळ वरून निघून बाहेर खालच्या पंखाकडे येणाऱ्या तारा जमिनीवरच्या. विमान उभे असताना पंखांचे वजन त्या पेलतात. हवेतला भार जमिनीवरच्या भाराच्या कितीतरी पट असल्याने उड्डाणाच्या तारा बहुधा जोडीने असतात. प्रतिकृतीत एकेरी-दुहेरीचा हा फरक चुकला, तर जाणकाराच्या नजरेत विमान मोडून पडते.

या तारांची एक खुबी डोळ्यांना दिसत नाही, ती बनवताना कळते. गोल तार वेगात हवा कापत जाताना मागे भोवरे सोडते आणि विमानाला ओढून धरते. म्हणून ब्रिटनच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीने चपट्या, दोन्ही कडांना निमुळत्या तारा तयार केल्या. प्रतिकृतीत पाच मिलिमीटरची तार एक दशांश मिलिमीटरची होते, केसापेक्षा जरा जाड. काही जण लवचीक धागा लावतात, काही जण मासेमारीचा अगदी बारीक तंगूस. पंखाला सुईच्या टोकाएवढे भोक पाडायचे, तंगूस ओवायचा, थेंबभर फेव्हिक्विक, आणि चिमट्याने धरून श्वास रोखायचा. दोरी जास्त ओढली की पंख वाकतो. खऱ्या विमानाच्या कारागिरांनाही हीच चिंता होती: तारांचा ताण कमीजास्त झाला की पंखांना पीळ पडे आणि विमान एका अंगाला झुके.

आता डॉल्फिनच्या पंखांकडे बाजूने पाहा. त्या काळच्या बहुतेक विमानांत वरचा पंख खालच्यापेक्षा थोडा पुढे असे. डॉल्फिनमध्ये तो मागे आहे. हर्बर्ट स्मिथ या रचनाकाराला वैमानिकाची नजर मोकळी करायची होती. शत्रू वरून, सूर्याच्या आडून येई. वरचा पंख आड आला की मरण आड आल्यासारखे. म्हणून त्याने पंखाच्या मध्यभागी उघडी चौकट ठेवली आणि वैमानिकाचे डोके तिच्यातून बाहेर काढले. तेवढ्यासाठी वरचा पंख मागे सरकला. या सोयीची किंमतही होती. उतरताना विमान उलटले तर पहिला आघात डोक्यावर आणि मानेवर. म्हणून पुढे काही विमानांवर संरक्षक कमानी बसवल्या. शिवाय हा अनोळखी आकार पाहून सुरुवातीला मित्रपक्षाचेच वैमानिक त्याला शत्रूचे विमान समजून चाल करून येत. चौकटीच्या पुढच्या दांडीवर वर रोखलेल्या दोन लुईस मशिनगन होत्या; त्या वैमानिकाच्या तोंडावर आदळण्याची भीती असल्याने पुष्कळांनी त्या काढून टाकल्या. प्रतिकृतीत लुईस बसवायच्या की नाही, हा प्रश्न म्हणून इतिहासाचा आहे: कोणते स्क्वाड्रन, कोणता महिना, कोणाचे विमान?

डॉल्फिन वीस हजार फुटांपर्यंत चढू शके. शहापूरजवळचा माहुली किल्ला साधारण २,८०० फुटांचा. माहुलीवर माहुली असे सात ठेवले की ती उंची गाठते. हवेत दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. वीस हजार फूट म्हणजे सहा किलोमीटर, म्हणजे जमिनीपेक्षा चाळीस अंश कमी. फ्रान्समध्ये जूनच्या दुपारीही वर उणे वीसच्या आसपास. तिथे हवेचा दाब निम्म्याहून कमी, आणि वैमानिक उघड्यावर, डोके पंखाच्या वर. साडेतीन सेंटिमीटरच्या पुतळ्याच्या गळ्याभोवती मफलर आणि अंगात जाड कातडी कोट रंगवताना, तो कोट पोशाखाचा भाग नसून जगण्याचे साधन होते, हे मनात ठेवावे.

रंगाची गोष्ट तर अशी आहे की तिच्यावर स्वतंत्र पुस्तक व्हावे. ताणलेल्या लिननवर डोप नावाचा द्राव फासत. तो वाळताना आकसतो आणि कापड ताठ होते. ब्रिटिश डोपमध्ये मुख्य घटक होता सेल्युलोज ॲसिटेट. सुरुवातीच्या काही डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन हा विषारी द्रावक होता, आणि तो फासणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना, त्यांत कित्येक स्त्रियांना, कावीळ होऊन मृत्यूही आले. त्या पंखांवर वैमानिकांइतकाच त्यांचाही जीव लागला होता. आज आपण रंग फवारताना खिडकी उघडी ठेवतो, मास्क लावतो. ते भान त्यांच्या किमतीवर आले आहे.

उन्हातल्या अतिनील किरणांनी लिनन कुजते, म्हणून वरच्या बाजूंना रंगीत डोप लावत. ब्रिटिशांच्या या रंगाचे नाव पी.सी. १०. त्यात होती पिवळी माती, म्हणजे लोहाचे ऑक्साइड, आणि काजळी. दोन्ही मिळून हिरवट तपकिरी छटा येई. खालच्या बाजूला ऊन लागत नसल्याने तिथे बिनरंगाचे डोप, म्हणून पोट मलईच्या रंगाचे. हीच पिवळी माती भाजली की तिच्यातले पाणी उडते आणि ती लाल होते, म्हणजेच गेरूच्या जातीची. वारली चित्राच्या भिंतीला सारवलेला गेरू आणि डॉल्फिनच्या पंखावरचा रंग, दोन्ही एकाच धातूच्या पोटचे! पी.सी. १० ची नेमकी छटा कोणती, यावर जगभरचे प्रतिकृतीकार अजून वाद घालतात, आणि तो वाद मिटणार नाही, कारण कारखाना, हात आणि ऊन यांप्रमाणे ती मुळातच बदलत होती.

रंगाला अंतराचाही हिशोब आहे. मुरबाडहून सह्याद्रीची भिंत निळसर दिसते, जवळ गेलो की तीच हिरवी-काळी. मधल्या हवेतून विखुरलेला प्रकाश दूरच्या रंगावर चढतो. टेबलावरची प्रतिकृती हातभरावरून पाहिली, तरी प्रमाणाने ते अंतर वीस-पंचवीस मीटर होते. म्हणून खऱ्या रंगात किंचित पांढरा मिसळावा, असे कित्येक जण मानतात.

आमच्याकडच्या पावसाळ्यात रंगकाम करताना आणखी एक धडा मिळतो. लॅकर रंग फवारला की त्यातला द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतल्या वाफेचे दव त्यावर जमते आणि चकचकीत रंगावर पांढुरका धूर चढतो. १९१८ च्या कारखान्यांनाही याच धुराने सतावले होते. म्हणून डोपच्या खोल्या ऊबदार आणि कोरड्या ठेवत. भाताच्या लावणीच्या दिवसांत सांगाडा बांधावा, तारा ओवाव्या. रंग मात्र दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत.

या सगळ्यात एक योगायोग मला फार विलक्षण वाटतो. १९३६ साली ब्रिटनमध्ये फ्रॉग पेंग्विन नावाने प्लास्टिकचे पहिले विमान-संच आले, १:७२ प्रमाणाचे. ते प्लास्टिक होते सेल्युलोज ॲसिटेट. ज्या पदार्थाने महायुद्धातल्या विमानांचे पंख ताठ केले, त्याच पदार्थातून पुढच्या पिढीच्या मुलांसाठी विमाने ओतली गेली. मग दुसऱ्या महायुद्धात अशीच छोटी विमाने कामाला लागली: अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून लाखो लाकडी प्रतिकृती करवून घेतल्या, सैनिकांना विमाने ओळखायला शिकवण्यासाठी. १:७२ ची प्रतिकृती पस्तीस फुटांवरून पाहिली, की जवळपास अर्ध्या मैलावरचे खरे विमान पाहिल्यासारखे होते. आकाराची चूक जीव घेते, हे डॉल्फिनच्या वैमानिकांना आधीच कळले होते.

म्हणून मला वाटते, शहापूर-मुरबाडच्या शाळांत अशी एक प्रतिकृती मुलांनी बनवावी. तिच्यात घनफळाचा नियम आहे, कर्णाची भूमिती आहे, मातीचे रसायन आहे, हवेचे विज्ञान आहे, आणि मुंबईच्या एका मुलाचे शेवटचे वर्ष आहे, जे पाठ्यपुस्तकात सापडत नाही. महागडा संच लागत नाही. कामट्या, पतंगाचा कागद, खळ, तंगूस, पॉलिश पेपर आणि मापांचा आराखडा एवढ्यावर पहिले विमान होते. आणि सुरुवात विमानापासून करायची नाही. आधी चार कामट्यांची ती चौकट बांधा, दोन दोरे ताणा आणि मुलांना कोपरा दाबून बघू द्या. ती हलली नाही की पुढचा प्रश्न मुले स्वतःच विचारतील.