नवी मोटारसायकल बंद पडते तेव्हा

हप्त्याने घेतलेली नवी मोटारसायकल महिनाभरातच चालता चालता बंद पडू लागली, तर नशिबाला दोष देऊ नये. गाडी केव्हा बंद पडते, थंड असताना की तापल्यावर, किती किलोमीटरनंतर, हे तारखेनिशी वहीत लिहावे.

बंद पडलेली गाडी टाकीचे झाकण उघडताच सुरू झाली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असू शकते. दिव्यांसकट सारेच विझले, तर बॅटरीची जोडणी व फ्यूज पाहावा. डॅशवरील इंजिनाचा दिवा पेटूनच राहिला, तर सेन्सर किंवा इंजेक्शन प्रणालीत दोष संभवतो. तो वर्कशॉपमध्ये यंत्र लावून तपासतात. वॉरंटी असताना गाडी बाहेर खोलू नये.

दर खेपेस जॉबकार्डावर तक्रार नोंदवून प्रत घ्यावी. 'ठीक आहे' एवढ्या तोंडी उत्तरावर परतू नये. दोष कायम राहिल्यास विक्रेता व उत्पादक दोघांनाही लेखी कळवावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. दोष सिद्ध झाल्यास आयोग दुरुस्ती, बदली गाडी, किंमत परत किंवा भरपाई यांचा आदेश देऊ शकतो. मात्र तेथे जॉबकार्ड बोलते, आपला राग नव्हे.

ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांचा अर्ज आपल्या विद्यार्थ्यांनी लिहून द्यावा. शिक्षणाचा हाही उपयोग आहे.