डोपामीनची मेदाम्लयुक्त संयुगे

मिरचीतील तिखट द्रव्य कॅप्सेसिन. एक गंधिल वलय, मेदाम्लाची शृंखला आणि त्यांना जोडणारा ॲमाइड-बंध, अशी त्याच्या रेणूची घडण आहे. डोपामीनच्या नत्राशी ॲरॅकिडोनिक आम्ल जोडले गेले असता जवळजवळ अशीच घडण सिद्ध होते. एन-ॲरॅकिडोनॉइल डोपामीन हे संयुग सस्तन प्राण्यांच्या चेतासंस्थेत असल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले.

या एकाच रेणूची दोन परस्परविरोधी कार्ये आहेत. टीआरपीव्ही-१ ही आयनवाहिनी त्यामुळे उघडली म्हणजे पेशीत कॅल्शियम शिरते व वेदनेचा संदेश निघतो. उलटपक्षी, सीबी-१ या ग्राहीशी तो संलग्न झाल्यास चेतापेशीतून संदेशवाहक द्रव्यांचा स्राव घटतो. म्हणूनच उंदराच्या पंजात टोचला असता तो उष्णतेची वेदना वाढवितो, तर सर्व शरीरात पसरल्यास वेदना मंदावतो.

मेदाम्ल बदलताच कार्यही पालटते. ओलेइक आम्लाचे संयुग ही वाहिनी उघडते. पामिटिक व स्टिअरिक आम्लांची संयुगे स्वतः तसे करीत नाहीत, परंतु ॲरॅकिडोनॉइल डोपामीनच्या कार्यास बळ देतात.

सारांश, संदेशाचा अर्थ केवळ रेणूत नसतो. तो ग्राही व स्थान यांवरून ठरतो. अशा रेणूस वेदनाकारक वा वेदनाशामक असे एकच विशेषण लावणे सयुक्तिक नव्हे.