गोठ्याचा फोटो कसा काढावा?

कॅमेऱ्याने काढलेला, आज शिल्लक असलेला जगातला सर्वांत जुना फोटो कशाचा आहे, सांगा बघू? राजाचा नाही की राणीचा नाही. फ्रान्सच्या निसेफोर निएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खेड्यातल्या घराच्या खिडकीतून आवारातली छपरं टिपली, त्यात कोठाराचं उतरतं छप्पर आहे. एक्स्पोजर कित्येक तासांचं, त्यामुळे ऊन दोन्हीकडच्या भिंतींवर दिसतं!

मी कॉन्व्हेंटवाली. 'बार्न' हा शब्द मला 'गोठा'च्या आधी आला, तोही लाल रंगाच्या चित्रासकट. आमच्या गावचा गोठा मात्र बुटका, मातीच्या भिंतींचा, कौलारू. तो आता उतरवून पत्र्याची शेड होणार आहे. आजोबांच्या गुडघ्यांना आणि म्हशींना शेड सोयीची, तेव्हा तक्रार नाही. पण त्याआधी नीट फोटो हवेत, म्हणून हा अभ्यास.

पहिली गोष्ट, वेळ. सूर्य ४५ अंशांवर असतो तेव्हा ढेकळाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते. १५ अंशांवर जवळजवळ पावणेचारपट. म्हणून नांगरलेलं शेत सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उठून दिसतं, दुपारी सपाट. भिंतीचंही तेच. ऊन तिला घासून जाऊ द्या, मग सारवणातली बोटं दिसतात.

दुसरी गोष्ट, एक्स्पोजर. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरतो. त्यामुळे चुन्याची भिंत मळकट येते आणि काळीभोर म्हैस राखाडी! भिंतीसाठी एक स्टॉप वाढवा, म्हशीसाठी एक कमी करा. स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश. गोठ्यात बाहेरच्यापेक्षा हजारपट कमी उजेड असेल तर फरक झाला १० स्टॉपचा. दार आणि आतला अंधार एका फ्रेममध्ये हवा असेल तर मोबाईलचं एचडीआर वापरा. ते अनेक फ्रेम जोडतं. नाहीतर दाराकडे पाठ करून आतलं टिपा.

तिसरी गोष्ट, भिंती. कॅमेरा वर तिरपा केला की भिंती आत झुकतात. मागे जा, कॅमेरा सरळ धरा. शेजारी एखादी काठी उभी करा, म्हणजे माप कळेल.

आणि शेवटची गोष्ट पुस्तकात नाही. कुणाच्या आवारात शिरण्याआधी विचारा. विचारलं की लोक नुसते हो म्हणत नाहीत, सांगत बसतात. आढं, वासे, गव्हाण, दावण, कणगी हे शब्द मला असेच आजोबांकडून मिळाले. फोटोत गव्हाण दिसेल, पण तिला गव्हाण म्हणतात हे फोटो सांगणार नाही. म्हणून प्रत्येक फोटोखाली नावं लिहायची.

सुट्टीत घरी जाल तेव्हा एक तरी छप्पर टिपून आणा. नावांसकट हं!