एका परिचर्या-त्रैमासिकाचे बळ

जुन्या नियतकालिकांच्या बांधीव फायली चाळण्याचा नाद मला फार वर्षांपासून आहे, आणि त्यातही जी नियतकालिके एखाद्या व्यवसायाने, धनिकाचा आश्रय नसताना, केवळ आपल्या विद्येच्या अभिमानापोटी काढली, त्यांच्याविषयी माझे कुतूहल विशेष आहे. नाइटिंगेलबाईंपासूनचा परिचर्येचा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे. आपल्याकडेही ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ १९१० पासून निघू लागले. आज लिहावयाचे आहे ते कॅनडातील एका त्रैमासिकाविषयी, आणि खरे सांगावयाचे तर त्याच्या संस्थापिकेविषयी. कारण शोध घेता घेता मन जडले ते तिच्यावरच.

मॉयरा ॲलन (१९२१–१९९६) या मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातील परिचर्या-विद्यालयात अध्यापिका होत्या. त्यांच्या देशात परिचर्येत डॉक्टरेट मिळण्याची सोयच नसल्यामुळे त्यांनी डॉक्टरेट अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे संपादन केली, आणि परत आल्यावर १९६९ साली ‘नर्सिंग पेपर्स’ सुरू केले. जेथे संशोधक मूठभर आणि संशोधनास पैसा त्याहून थोडा, तेथे असे नियतकालिक काढणे हे मी धैर्याचे कृत्य समजतो.

थोड्याच काळात त्या देशात परिचारिकेच्या भूमिकेविषयी एक वाद उभा राहिला. परिचारिकेचा अधिकार वाढवावा हा विचार मान्य होऊ लागला होता; त्याची परीक्षा पाहण्यासाठी १९७१-७२ मध्ये ऑंटॅरिओ प्रांतातील बर्लिंग्टन येथे दोन डॉक्टरांच्या दवाखान्यातील १,५९८ कुटुंबांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, वाटणी करण्यात आली, आणि १,०५८ कुटुंबे पूर्वीप्रमाणे डॉक्टरांकडे ठेवून उरलेली ५४० खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांच्या हवाली केली गेली. १९७४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. परिचारिकांनी शंभरापैकी ६७ भेटी डॉक्टरांस मध्ये न घेता निभावून नेल्या होत्या, आणि दोन्ही गटांतील माणसांच्या प्रकृतीत म्हणण्यासारखा फरक आढळला नव्हता. दवाखान्याचे उत्पन्न मात्र ५ टक्क्यांनी घटले, कारण परिचारिकेच्या कामाचा मोबदला देण्याची तरतूदच नियमांत नव्हती.

परिचारिका डॉक्टरची जागा चालवू शकते हे सिद्ध झाले, यात समाधान मानणे सोपे होते. ॲलनबाईंनी ते मानले नाही. १९७७ साली आपल्याच नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी विस्तारित परिचर्येच्या दोन कल्पना समोरासमोर ठेवल्या : एकीत परिचारिका डॉक्टरच्या कामाचा काही हिस्सा उचलते, दुसरीत, आरोग्यव्यवस्थेत जे काम कोणीच करीत नाही ते ती आपल्या अंगावर घेते. कुटुंबाने आरोग्याने जगावयास शिकणे, आणि त्या शिक्षणात त्याच्या अंगचे गुण व हाताशी असलेली साधने ओळखून त्यास सोबत करणे, हे ते दुसरे काम. जी भूमिका अर्थखात्यास समजावयास कठीण, तिचा पुरस्कार त्यांनी केला, आणि माझ्या मते त्याच बरोबर होत्या.

केवळ लेख लिहून त्या थांबल्या नाहीत. त्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या पश्चिमेकडील बीकन्सफील्ड या उपनगरात त्यांनी ‘द वर्कशॉप’ नावाचे आरोग्यकेंद्र उघडले. तेथे येण्यास आजारी असण्याची अट नव्हती. आपल्या घरातील बदल, मुलांचे वाढणे, म्हातारपण, जे काही मनात असेल ते घेऊन कुटुंबाने यावे, आणि परिचारिकेने आधी काय बिघडले आहे हे न पाहता काय चांगले चालले आहे ते पाहावे, अशी तेथील रीत होती. पुढे परिचर्येचे ‘मॅक्गिल प्रारूप’ म्हणून जे प्रसिद्ध झाले ते अशा प्रत्यक्ष कामातूनच घडले.

१९८८ साली नियतकालिकाचे नाव ‘कॅनेडियन जर्नल ऑफ नर्सिंग रिसर्च’ झाले, आणि पुढल्या दशकाच्या आरंभी संपादकत्व त्याच विद्यालयातील लॉरी गॉटलिब यांच्याकडे आले. ते दोन दशकांहून अधिक काळ त्यांच्याकडेच राहिले. त्यांचा स्वतःचा अभ्यासविषय होता, धाकटे भावंड जन्मास आल्यावर थोरले मूल त्या बदलाशी कसे जुळवून घेते, हा. आणि बदलत्या काळाशी नियतकालिकाने जुळवून घेण्याकडेही त्या अशाच नजरेने पाहत होत्या असे मला त्यांची कारकीर्द न्याहाळताना वारंवार वाटले. ॲलनबाईंच्या वेळी देशात नसलेली सोय आता झाली : अल्बर्टा विद्यापीठात १९९१ साली परिचर्येचा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९९९ साली कॅनडाच्या केंद्र सरकारने परिचर्या-संशोधनासाठी दहा वर्षांत २ कोटी ५० लक्ष डॉलर देण्याचे ठरविले. लेखक वाढले, तशी स्पर्धाही वाढली. अमेरिकेतील मोठ्या नियतकालिकांची नक्कल करणे हा अशा वेळी सोयीचा मार्ग असतो. गॉटलिबबाईंनी अंकास एकेक मध्यवर्ती विषय देऊन तो त्या विषयातील जाणत्या अतिथी-संपादकाच्या हाती सोपविण्याचा प्रघात पाडला. आपल्या देशातील संशोधक कोठे आधीच भक्कम आहेत हे हेरून तेथे त्यांस जागा करून देणे, हेच या प्रघाताचे मर्म होय. असलेले बळ ओळखून त्यास साथ देण्याचे हे तत्त्व परिचर्येपुरते त्यांनी २०१३ च्या ‘स्ट्रेंग्थ्स-बेस्ड नर्सिंग केअर’ या ग्रंथात सविस्तर मांडले. संपादनात ते त्या तत्पूर्वीच आचरीत होत्या.

२०१६ पासून त्रैमासिकाचे प्रकाशन ‘सेज’ या संस्थेकडे गेले. परिचर्या-महाविद्यालयांतील आपल्या तरुण अध्यापकांस माझी विनंती इतकीच, की गॉटलिबबाईंचा ग्रंथ हाती घेण्यापूर्वी ॲलनबाईंचा १९७७ सालचा तो लेख मिळवून वाचावा.